शिरपुरात ओसाकाचा सूर्य

आमचे घरमालक भर वैशाखात दुपारी सव्वातीनला रात्र करायचे. दारं-खिडक्या लावून निजायचे असं नव्हे; तसं त्या उन्हात कोणीही निजतं. ते ओसरीवर उभे राहून चक्क जाहीर करायचे, "सूर्य मावळला!" त्यानंतर घरात कोणी घास तोंडात घालायचा नाही, पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. बाहेर शिरपूरच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नसे, पत्र्यावर हात ठेवला तर भाजायचा, आणि यांच्या घरात रात्र. मी त्यांना 'ते' म्हणते ते त्यांच्या वयाकडे बघून. मनातल्या मनात मी त्यांना काय म्हणायची ते लिहिण्यासारखं नाही.

परवा आमच्या कॉलनीतलं एक कुटुंब जपानला निघालं. पहिल्यांदाच. बॅगा जिन्यात ठेवून बाई माझ्या दाराशी आल्या आणि म्हणाल्या, "ओसाकाला तीन दिवस आहोत. तयारी काय, सगळं मोबाइलवरच झालं." मी हसून त्यांना निरोप दिला आणि घरात येऊन उगाच भांडी आपटली. त्या बिचाऱ्यांचा काही दोष नव्हता. ओसाका म्हटलं की मला ती ओसरी आठवते, भिंतीवरची दोन घड्याळं आठवतात आणि काकूंचे फुटलेले ओठ आठवतात. मग जो समोर येईल त्याच्यावर माझा राग निघतो.

वऱ्हाडातल्या शिरपूरच्या शाळेत मी भूगोल शिकवायला गेले ते सत्तरच्या दशकातले मधले दिवस होते. नोकरी नवी, गाव नवं, आणि एकट्या बाईला खोली द्यायला कोणी तयार नाही. या जैन घरातल्या काकूंनी मात्र मला मागची खोली दाखवली. नवऱ्याला न विचारता त्यांनी आयुष्यात जी दोन कामं केली, त्यातलं हे पहिलं. दुसरं पुढे येईलच.

घरमालक संध्याकाळी आले आणि त्यांनी माझी परीक्षा घेतली. कोणत्या गावची, कोणाची, काही विचारलं नाही. म्हणाले, "हातरुमाल दाखवा." मी दिला. त्यांनी कडेचं एक सूत ओढलं, दोन्ही अंगठ्यांत ताणलं, तुटल्यावर त्याचे तंतू आपल्या काळ्या कोटाच्या बाहीवर ठेवले, डोळा बारीक करून लांबी पाहिली आणि म्हणाले, "दामे."

म्हणजे टाकाऊ. हा जपानी शब्द होता. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधी, त्यांना नुकतं मिसरूड फुटलं होतं तेव्हा, कारंज्याच्या एका जिनिंगच्या कारखान्यात जपानी कंपनीचा खरेदीदार कापूस पाहायला येत असे. हे त्याच्यापुढे नमुन्याचे पुडे उघडून धरायचे. तो चिमूट घ्यायचा, ताणायचा, आणि दोनच शब्द बोलायचा. चांगला असला तर "योशी", नसला तर "दामे". गाठी बांधल्या की त्यांच्यावर काळ्या शाईनं ओसाका असं गावाचं नाव छापलं जायचं. लढाई आली, साहेब गेला, पण हे दोन शब्द आमच्या घरमालकांच्या तोंडात राहिले. त्यातला 'योशी' मी चार वर्षांत त्यांच्या तोंडून, एक वेळ सोडली तर, फक्त कापसाबद्दल ऐकला. बाकी दुनिया दामे. वरण दामे, सरकार दामे, नवीन पोस्टमन दामे, माझं अक्षर दामे. काकूंचं तर सगळंच दामे. त्यांनी पोळी वाढली की ते पोळीची कड तशीच ताणून बघायचे, आणि मग खायचे. खायचे मात्र पोटभर.

गाव त्यांना जपानशेट म्हणायचं. त्यांच्यासमोर नाही, पाठीमागे. समोर म्हणायची कोणाची छाती नव्हती. ते रागीट होते, आणि मी तिथे गेले त्या सुमारास तर त्यांचा राग नुसता धुमसत होता, कारण सरकारनं कापसाची खरेदी आपल्याकडे घेतली होती. खासगी व्यापाऱ्यांचे तराजू बंद. खरेदी केंद्रावर तरणा ग्रेडर खुर्चीवर बसून बोटाला थुंकी लावून कापूस बघायचा, आणि ज्यानं चाळीस वर्षं फक्त कापूसच पाहिला तो माणूस ओसरीवर बसून पोळीची कड ताणायचा. इथपर्यंत मला त्यांच्याबद्दल वाईट वाटतं. माणसाचं काम गेलं की त्याचा कोंडमारा होतो, हे मला कळतं. पण आपला कोंडमारा बायकोच्या डोक्यावर का उपसायचा, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही.

त्यांचा मोठा मुलगा वसंता. तो कापडाच्या यंत्रांचं शिकला आणि नोकरीसाठी नेमका ओसाकालाच गेला. हे कळलं त्या दिवशी घरमालक म्हणे ओसरीवरच बसून राहिले. संध्याकाळी फक्त म्हणाले, "माह्या हातचा कापूस गेला तथी. आता माहा पोरगा गेला. मीच तेवढा अथी राह्यलो." हे मला काकूंनी सांगितलं. सांगताना त्यांच्या आवाजात नवऱ्याबद्दल माया होती. मला त्या मायेचासुद्धा राग यायचा.

वसंताचं लग्न होऊन सूनही तिकडे गेली. मग त्याचं पत्र आलं की तिला दिवस गेलेत आणि आषाढात ती बाळंत होईल. तिला आई नव्हती. लहानपणीच वारली होती. पहिलं बाळंतपण, परका मुलूख, भाषा येत नाही, आणि जवळ बाईमाणूस एकही नाही. वसंतानं आईवडील आणि धाकटी बहीण पुष्पा अशी तिघांची तिकिटं पाठवली. लिहिलं होतं, काही करून आषाढाच्या आत या. काकूंनी ते पत्र पुष्पाकडून वाचून घेतलं, मग माझ्याकडून वाचून घेतलं, आणि उठून डिंक निवडायला बसल्या. त्यांना दुसरी काही तयारी नकोच होती. पोरीजवळ पोचायचं, तिला न्हाऊमाखू घालायचं, मांडीवर नातवंड घ्यायचं, एवढाच त्यांचा जपान.

आता तयारी म्हणजे काय असते? पासपोर्ट, कपडे, थोडंफार खायचं. पासपोर्ट तर झालेसुद्धा. पण आमच्या घरमालकांना एवढी साधी तयारी कशी चालणार? त्यांनी ओसाकाला नमुना म्हणून जायचं ठरवलं होतं. तिकडच्या साहेबलोकांनी या घराची चिमूट घेऊन ताणली तर तुटता कामा नये. म्हणून त्यांनी सगळ्या घराची तालीम सुरू केली.

पहिली तालीम जेवणाची. तिकडे दोन काड्यांनी जेवतात असं वसंतानं कधीतरी लिहिलं होतं. यांनी तुरीच्या तुराट्या सोलून, घासून, तीन जोड्या केल्या. वसंतानं परत लिहिलं की बाबा, आपल्या घरी आपण हातानंच जेवतो. त्या पत्राला दामे ठरवून यांनी बाजूला सारलं. काकू आणि पुष्पा पंधरा दिवस तुराट्यांनी भात खात होत्या. खात होत्या म्हणजे सांडत होत्या. सांडलेलं वाया घालवायचं नाही हा घरचा नियम, म्हणून प्रत्येक शीत वेचून परत ताटात. एक जेवण संपायला दुपार संपायची. एवढं करून स्वतः हे हातानं जेवायचे. मी विचारलं, "काका, तुमच्या काड्या कुठे आहेत?"

"मले येते," ते म्हणाले. "मी साहेबाले पाह्यलं हाय जेवताना."

पाह्यलं हाय! नाकानं कांदे सोलणं कशाला म्हणतात ते मला कांदा न खाणाऱ्या त्या घरात कळलं.

दुसरी तालीम गाडीची, आणि ती आठवली की अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो. तिकडे गाडी फार थोडा वेळ थांबते आणि दारं आपोआप लागतात, असं त्यांना कळलं होतं. म्हणून एका रविवारी त्यांनी काकूंना, पुष्पाला आणि दोन भरलेल्या ट्रंकांना एसटीत घालून वाशीमच्या स्टेशनवर नेलं. मलाही नेलं, कारण माझ्याकडे मनगटी घड्याळ होतं. गाडी आली. हे फलाटावर उभे राहून ओरडायला लागले, "चढा! दार लागून राह्यलं! दार लागून राह्यलं!" गाडीचं दार कसलं लागतंय, त्याला कडीसुद्धा धड नव्हती. पुष्पा ट्रंक घेऊन चढली. काकू नऊवारीत, एका हातात दुसरी ट्रंक. पायरीवर ओचा अडकला आणि त्या तोंडावर आपटल्या. गुडघा फुटला, हातातली बांगडी फुटून मनगटात शिरली.

फलाटावरची माणसं धावली. गाडीचा गार्ड खाली उतरला. आणि आमचे घरमालक? ते माझ्याकडे वळून म्हणाले, "किती वेळ झाला, मास्तरीणबाई?"

मी घड्याळ काढून ट्रंकेवर ठेवलं आणि म्हटलं, "तुम्हीच बघा. मला काकूंना उचलायचं आहे."

गार्डनं विचारलं, "कुठं जायचं आहे तुम्हाला?"

"ओसाका," हे म्हणाले.

गार्ड एकदा यांच्याकडे बघत राहिला, एकदा काकूंच्या गुडघ्याकडे. मग म्हणाला, "ही गाडी हिंगोलीले जाते, शेटजी," आणि शिट्टी वाजवून निघून गेला. पुष्पा कशीबशी खाली उतरली. एसटीतून परत येताना हे सगळा रस्ता बोलत होते की वसंताच्या मायनं घोळ केला, हिच्यानं आपलं तिथं हसं होईल, अशानं जाणं जमणार नाही. काकू खिडकीतून बाहेर बघत होत्या. मी त्यांच्या मनगटाला माझा तो दामे ठरलेला रुमाल बांधला होता.

त्या रात्री काकू मला फक्त एवढंच म्हणाल्या, "बाई, जाणं व्हईन ना वो? हे रद्द तं नाई करणार?" गुडघ्याबद्दल एक शब्द नाही.

एवढ्यावरही भागलं नाही. त्या घरात सूर्यास्तानंतर जेवत नसत, पाणीही घेत नसत. हा त्यांचा पिढ्यानपिढ्यांचा नेम. त्याला मी कधीच नावं ठेवली नाहीत. उलट दिवस मावळायच्या आत सगळं आवरलेलं त्यांचं स्वयंपाकघर मला आवडायचं. पण एक दिवस हे माझ्या खोलीच्या दाराशी आले आणि विचारू लागले, "मास्तरीणबाई, ओसाकाले सूर्य कवा मावळते?"

मी भूगोलाची बाई. मी सांगितलं की ओसाका आपल्या पूर्वेला आहे, तिथे सूर्य आपल्या आधी उगवतो आणि आधी मावळतो. आपल्या दुपारी तीन-सव्वातीनला तिथे आत्ता सूर्यास्त होतो. वर्गातल्या पोरांना सांगावं तसं नारळ आणि कंदील घेऊन समजावलं. वर्गातली पोरं ऐकून विसरून जातात. या गृहस्थांनी दुसऱ्या दिवशी वाशीमहून दुसरं घड्याळ आणून ओसरीवर लावलं आणि ते ओसाकाच्या वेळेला मिळवलं. वसंतानं पाठवलेलं एक जपानी कॅलेंडर होतं, त्यात रोजच्या सूर्याच्या वेळा होत्या. आकडे इंग्रजी होते म्हणून ते पुष्पाला वाचता आलं. मग त्यांनी काकूंना आणि पुष्पाला देवळात नेऊन नेम घ्यायला लावला, की जाईपर्यंत ओसाकाच्या सूर्याप्रमाणेच खायचं-प्यायचं. शरीराला आधीपासून सवय हवी, म्हणे. तिथं गेल्यावर नेम मोडला तर कोण जबाबदार?

कागदावर हे कोणाला शहाणपणाचंही वाटेल. त्या माणसालाही तसंच वाटलं. पण जरा विचार करा. आमच्याकडे सूर्यास्तानंतर पाणी सोडणं सोपं, कारण रात्र गार असते. ओसाकाची रात्र शिरपुरात पडायची ती दुपारी सव्वातीनला, वैशाखात, जेव्हा वऱ्हाडातलं ऊन सगळ्यात जास्त तापतं तेव्हा. तिथून पुढे संध्याकाळ, आणि मध्यरात्र उलटेपर्यंत थेंब नाही. मग ओसाकात उजाडलं की हे घंटी वाजवून सगळ्यांना उठवणार आणि अंधारात न्याहारी होणार. गावातली कुत्री भुंकायची. मला वाटतं, त्या गावाच्या इतिहासात इतक्या अपरात्री कोणी पोहे खाल्ले नसतील.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी अमरावतीला गेले नव्हते. घरी माझ्या लग्नाचा विषय निघाला होता आणि मला तो नको होता. त्यामुळे हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं. पुष्पा हुशार होती. ती दुपारी माझ्या खोलीत येऊन माझ्या माठातलं पाणी प्यायची आणि तोंड पुसून जायची. मी तिला कधी विचारलं नाही. पण काकू? त्यांनी देवासमोर शब्द दिला होता. चुलीसमोर बसून, डिंकाचे लाडू वळत, तोंडाला कोरड पडलेली, ओठ फुटलेले, त्या एकदा म्हणाल्या, "बाई, घामच येत नाई वो आता." मी घरमालकांकडे गेले. त्यांना म्हटलं, काका, हे चुकतंय, काकूंना त्रास होतोय.

ते म्हणाले, "तरास? तथी सून बाळंत व्हणार हाय, तिले तरास नाई होणार?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली आणि मी पाय आपटत परत आले.

मग ती दुपार आली. चारचा सुमार असेल. पुष्पाची किंकाळी ऐकून मी धावले. काकू स्वयंपाकघरात पडल्या होत्या, लाडवांचं ताट उपडं. अंग भट्टीसारखं तापलेलं. आम्ही दोघींनी त्यांना उचलून ओसरीवरच्या खाटेवर आणलं, लुगड्याचा पदर ओला करून कपाळावर ठेवला. थोड्या वेळानं त्यांनी डोळे उघडले. मी पाण्याचा पेला ओठाला लावला. त्यांनी तोंड फिरवलं.

"काकू, प्या. घोटभर प्या."

"सूर्य मावळला ना बाई," त्या म्हणाल्या.

"मावळला? अहो, बघा, अंगणात बघा! डोक्यावर आहे सूर्य!"

"अथला," त्या म्हणाल्या. "तथला मावळला."

मी आयुष्यात कोणावर इतकी ओरडले नाही जितकी त्या दिवशी त्या माणसावर ओरडले. ते खांबाशी उभे होते. मी काय काय बोलले ते आठवत नाही. हे आठवतं की तुम्ही बायकोला मारून सुनेला बघायला जाणार आहात का, असं मी विचारलं, आणि शेजारपाजारचे लोक कुंपणाशी जमले. मला वाटलं, आता तरी म्हणतील, वसंताची माय, पाणी पी. त्यांच्या एका शब्दाचं काम होतं. नेम त्यांनीच घ्यायला लावला होता, त्यांनीच सोडवला असता.

ते पुढे आले. काकूंच्या हाताची कातडी चिमटीत धरून त्यांनी थोडी ओढून पाहिली. अगदी कापूस पाहतात तशी. मग मान हलवली.

"दामे," ते म्हणाले. "हिच्यानं नाई जमत. तयारी नाई झाली. आता आषाढ लागते, मंग चातुर्मास. चातुर्मासात आपुन समुद्र वलांडत नाई. दिवाळीनंतर पाहू."

दिवाळीनंतर. पोर आषाढात बाळंत होणार.

काकू उठून बसल्या. मी त्यांना धरायला गेले तर त्यांनी माझा हात बाजूला केला. त्या इतकी वर्षं त्या घरात खालच्या आवाजात बोलल्या होत्या. त्या दिवशीही आवाज वाढला नाही. म्हणाल्या, "बाई, आणा तो पेला."

त्यांनी दोन्ही हातांनी पेला धरला आणि सगळा रिकामा केला. पुष्पानं दुसरा भरला, तोही प्यायला. घरमालकांचा चेहरा काळानिळा झाला.

"नेम मोडला!" ते ओरडले. "देवासमोर घेतलेला नेम मोडला!"

"मोडला," काकू म्हणाल्या. "देवाले मी सांगन. माह्या डोयाले जो सूर्य दिसते तोच माहा सूर्य. अथी हाय तं अथला, तथी जाईन तं तथला." मग तोंड पुसलं आणि नवऱ्याकडे सरळ बघून म्हणाल्या, "मी अन् पुष्पी जातो. तुमी करा तयारी. दामे तुमची तयारी."

कुंपणाशी जमलेल्यांत कोणीतरी हसलं. मी हसले नाही. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. नवऱ्याला न विचारता काकूंनी केलेलं हे दुसरं काम.

ज्येष्ठात त्या दोघी निघाल्या. मुंबईपर्यंत मी बरोबर गेले. शिरपूरच्या एसटी स्टँडवर घरमालक आले होते, पण निरोप द्यायला नव्हे. लाडवांच्या डब्याची दोरी कशी चुकीची बांधली आहे ते सांगायला. गाडी सुरू झाली तरी ते बोलत होते. काकूंनी खिडकीतून डबा मांडीवर घेतला आणि त्यांच्याकडे बघून मान डोलावली, जणू तेच बरोबर होतं. बाई म्हणून मला त्या मान डोलावण्याचा फार राग आला.

परत आले तर घरात हे एकटे. गावातल्या चुलतभावाकडून दोन वेळचा डबा यायचा. पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं की दुपारी दोनला हे रात्रीचं जेवण करतात. मग तांब्या पालथा घालतात. ओसरीवर, दोन्ही घड्याळांखाली, कोरड्या तोंडानं बसतात. त्या वर्षी मृग कोरडा गेला. ऊन वैशाखासारखंच होतं. मी दोन-तीन दिवस पाहिलं आणि चौथ्या दिवशी बाहेर येऊन विचारलं, "काका, आता ही तालीम कोणासाठी? जायचं तर संपलं."

ते ओसाकाच्या घड्याळाकडे बोट दाखवून म्हणाले, "वसंताची माय आता तथी बिनपाण्याची बसली असन. मी अथी पाणी पिऊ?"

कोणी म्हणेल, बघा, केवढं प्रेम. म्हणा. मला तर त्या वाक्यानं आणखी संताप आला. एवढं होतं पोटात, तर खाटेजवळ उभं असताना ते का नाही बाहेर आलं? तेव्हा 'पी' म्हणायला काय जीभ झडली होती? ती समोर तहानेनं मरत होती तेव्हा हाताची कातडी ताणून बघितली, आणि ती सातासमुद्रापार गेल्यावर हे तिच्यासाठी तहानलेले! असल्या प्रेमाचं त्या बाईनं काय करायचं होतं? मी हे सगळं त्यांना तोंडावर म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमचा पेला घेऊन आत जा, मास्तरीणबाई. पाणी दिसते."

आषाढात तार आली. नात झाली, दोघी सुखरूप. ती तार त्यांनी दोन्ही अंगठ्यांत धरून उजेडाकडे केली आणि कितीतरी वेळ बघत राहिले. पण ताणली नाही. पुढे श्रावण, भाद्रपद, दिवाळी गेली. ओसाकाचा दिवस लहान लहान होत गेला तसं त्यांचं जेवण अलीकडे सरकत गेलं; कार्तिकात ते दुपारी एकलाच रात्रीचं जेवून मोकळे होत. गावात आता त्यांना कोणी जपानशेट म्हणत नव्हतं. वेडा म्हणत.

काकू आणि पुष्पा परत आल्या त्या थंडीच्या तोंडावर, दुपारच्या एसटीनं. काकूंची तब्येत चांगली सुधारली होती. अंगात लोकरीचं निळं स्वेटर, हातात नातीचा फोटो. घरमालक ओसरीवर बसले होते. उठले नाहीत. म्हणाले, "आले?" काकू म्हणाल्या, "आलो." झालं स्वागत.

मी काकूंना आत नेलं आणि सगळं सांगून टाकलं. चाडी म्हणा हवं तर. जेवणाच्या वेळा, पालथा तांब्या, कोरडा मृग, सगळं. मला वाटलं, आता त्या रडतील. त्या ऐकत ऐकत स्वेटर काढत होत्या. हात बाहीत तसाच राहिला.

"अवो बाई," त्या म्हणाल्या, "मी तं तथी रात्री जेवो. वसंता उशिरा घरी ये, अन् सूनबाई एकटी जेवे नाई. बाळंतीण उपाशी ठेवू का मी? तिच्यासंगं बसो अन् दोन घास खाओ. पाणी बी पिओ. देवाची रोज माफी मांगो."

म्हणजे सहा महिने हा माणूस जिच्यासाठी तहानलेला होता, ती तिकडे सुखानं जेवत होती. मला हसू आलं, आणि हसता हसता परत रागच आला.

काकूंनी चुलीजवळचा तांब्या उचलला, पेला भरला आणि बाहेर गेल्या. मी दाराआड थांबले नाही. सरळ मागोमाग गेले. ओसाकाच्या घड्याळात रात्र केव्हाच झाली होती. अंगणात स्वच्छ ऊन होतं. काकूंनी पेला त्यांच्यासमोर ठेवला.

"मी तथी रात्री जेवली," त्या म्हणाल्या. "रोज. सूनबाईसाठी. आता तुमी कोनासाठी तहानले राह्यता? प्या."

मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. नेम, देव, घराणं, सगळं निघेल. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग कसातरीच झाला. त्यांनी वर घड्याळाकडे पाहिलं, एकाकडे, मग दुसऱ्याकडे. मग पेला उचलला. थोडं पाणी सदऱ्यावर सांडलं. त्यांनी ते पाणी सावकाश, घोट घोट करून, शेवटच्या थेंबापर्यंत संपवलं. काकू समोर उभ्या होत्या, उन्हात, सहा महिन्यांनी परतलेल्या, पुऱ्या जन्माच्या संसारात ज्यांच्या एकाही गोष्टीला त्या माणसानं बरं म्हटलं नव्हतं.

त्यांनी रिकामा पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "योशी."

काकूंचे डोळे भरून आले. त्यांना ते पुरलं. मला आजही पुरलेलं नाही. कारण मी तिथे उभी होते आणि मी नीट पाहिलं आहे. ते पेल्याकडे बघत होते. योशी म्हणाला तो माणूस, पण पाण्याला म्हणाला.